नव्या स्विफ्टचे रूप आपणांस कसे वाटते?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ): 2024 च्या मे महिन्यात आलेली चौथ्या पिढीची स्विफ्ट मी नुकतीच जवळून पाहिली. कापूस विकल्यावर तीच घेण्याचा विचार आहे. परंतु 2005 पासून ओळखीचा झालेला तिचा घोटीव बांधा समोरून पाहताना हरवल्यासारखा वाटतो. आपले मत कळवावे.

उत्तर (वरुड): समोरची बाजू मलाही सपाट वाटली. मात्र मोलाचा बदल मागच्या दाराच्या हँडलचा आहे, कारण 2018 च्या गाडीत ते खिडकीमागच्या खांबात लपवलेले असल्याने माझ्या आईला ते कधीच सापडत नसे आणि दर वेळी कोणीतरी उतरून दार उघडून द्यावे लागे. आता ते पुन्हा दारावर आले आहे. देखणेपणापेक्षा मला हे मोठे वाटते.

उत्तर (सिंदेवाही): भाऊ, दुरंगी गाडीचे काळे छप्पर शोभून दिसते, पण आपल्याकडच्या उन्हात काळा पत्रा फार तापतो, पांढरीच घ्यावी. रूप बदलले तरी जमिनीपासूनची उंची 163 मिलिमीटरच आहे, त्यामुळे पावसाळ्यात पांदण रस्त्याने ती शेतावर नेऊ नये.

प्रश्नकर्ता: हँडलकडे माझे लक्षच गेले नव्हते. रविवारी आईला सोबत नेऊन पुन्हा पाहतो.