पुलापलीकडची हापूसची बाग विकतोय, टॅक्स बसेल का? आणि शेअरमधला तोटा त्यातून वजा होतो का?

कलमवाली_रत्नागिरी

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. बाबा २०१९ ला गेले, त्यांची भाट्याच्या पुलापलीकडची २२ गुंठे जागा आता आई, मी आणि मुंबईचा धाकटा भाऊ अशी तिघांच्या नावावर आहे, वारस नोंद, फेरफार सगळं झालेलं आहे. मूळची आजोबांची, १९७८ साली घेतलेली, आतली १४ कलमंपण त्यांनीच लावलेली. पण आता बघायला कोणी नाही, माकडं काही ठेवत नाहीत आणि फवारणीचासुद्धा खर्च निघत नाही, म्हणून जड मनाने विकायला काढली. ३३ लाखांना ठरलंय, साठेखत झालं, खरेदीखत शिमग्यानंतर पण ३१ मार्च २०२६ च्या आत.

वाडीतले म्हणतात शेतजमिनीला टॅक्सच नसतो. भाऊ म्हणतो प्रत्येकी ११ लाख येणार आणि १२ लाखांपर्यंत सरकारने माफ केलंय, मग कशाला काळजी. खरं काय? आणि माझ्याकडे तीन वर्षांपूर्वी घेतलेले काही शेअर आहेत, आज विकले तर २ लाखांचा तोटा, तो यातून वजा करता येतो का? आईला रात्रीची झोप नाही, कृपया नीट सांगा.

हिशेब_चोख

ताई, आधी वाडीतल्यांचं. शेतजमिनीला टॅक्स नाही हे अर्धं खरं आहे, जमीन ग्रामीण असेल तरच ती भांडवली मालमत्ता (जिच्या विक्रीच्या नफ्यावर टॅक्स लागतो ती) धरत नाहीत. ग्रामीण म्हणजे काय तर नगरपरिषदेची लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर तिच्या हद्दीपासून २ किमीच्या बाहेर, १ लाख ते १० लाख असेल तर ६ किमी आणि त्यापुढे ८ किमी. रत्नागिरी शहर २०११ च्या जनगणनेत ७६ हजारांच्या आसपास, म्हणजे तुम्हाला २ किमीचा नियम. तुमची जागा हद्दीपासून किती लांब आहे यावर सगळं अवलंबून आहे, बाकीचं नंतर.

भावाचं मात्र चुकतंय. १२ लाखांची ती सूट नेहमीच्या उत्पन्नाला आहे, जमीन किंवा शेअरच्या नफ्यावर जो वेगळ्या दराने टॅक्स लागतो त्याला ती मिळत नाही. यात खूप लोक फसतात, कृपया त्याला आजच सांगा.

खाडीकाठचा

ताई, अंतराबद्दल माझं ऐका, मी यात चांगलाच पोळलोय. आमची जागापण खाडीपलीकडेच. गाडीचा काटा बघून हद्दीपासून ३.४ किमी धरले, टॅक्स काही भरला नाही, नफा रिटर्नमध्ये दाखवलापण नाही. दोन वर्षांनी नोटीस. कारण अंतर रस्त्याने नाही, सरळ हवेतून मोजतात, २०१४-१५ च्या असेसमेंटपासून कायद्यात तसंच लिहिलंय. आपल्याकडे रस्ता खाडीला वळसा घालून पुलावरून जातो, पाण्यावरून सरळ रेघ मारली की तेच अंतर १.७ किमी निघालं आणि आमची जमीन शहरी ठरली. टॅक्स, वर व्याज, वर सीएची फी, आणि त्या वर्षभरात बायकोला बीपीची गोळी सुरू झाली ती आजही चालू आहे. म्हणून खरेदीखताच्या आधी हद्दीचा नकाशा आणि अंतराचा लेखी दाखला घ्याच. मोबाईलवर मोजून अंदाज येतो, पण पुरावा म्हणून कागद हवा.

कलमवाली_रत्नागिरी

बापरे दादा, बरं झालं सांगितलंत. मी आत्ता नकाशावर बघितलं, रस्त्याने साडेतीन आणि सरळ रेघ दीडच्या आत येतेय. म्हणजे टॅक्स बसणारच ना? किती बसेल?

हिशेब_चोख

मग शहरी धरूनच चला. आजोबांनी २००१ च्या आधी घेतलेली असल्याने १ एप्रिल २००१ ची किंमत खर्च म्हणून धरता येते, फक्त ती त्या दिवशीच्या सरकारी मूल्यांकनापेक्षा जास्त धरता येत नाही, त्यामुळे व्हॅल्युअरकडून रिपोर्ट घ्या. समजा ती ३ लाख निघाली तर एकेकाचा खर्च १ लाख आणि नफा १० लाख. २३ जुलै २०२४ च्या आधीपासूनची जमीन असल्याने दोन वाटा आहेत, इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खर्च वाढवून धरणं) न घेता १२.५ टक्के म्हणजे १ लाख २५ हजार, किंवा २०२५-२६ च्या ३७६ या महागाई निर्देशांकाने खर्च वाढवून ३ लाख ७६ हजार, नफा ७ लाख २४ हजार, त्यावर २० टक्के म्हणजे १ लाख ४४ हजार ८००. जो कमी तो भरायचा, वर ४ टक्के सेस. कोकणात २००१ नंतर भाव इतके चढलेत की बहुतेकांना १२.५ चाच फायदा होतो.

आईंना दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या टॅक्स पद्धतीत पहिले ४ लाख त्यांच्या नफ्यातूनपण वजा होतात, म्हणजे ६ लाखांवर ७५ हजार. भावाला पगार आहे, त्याला हे मिळणार नाही.

तुमच्या शेअरचं, हो, वजा होतो! वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरचा तोटा दीर्घ मुदतीचा, तो जमिनीच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यातून जातो. २ लाखांवर तुमचे २५ हजार वाचतील. मात्र शेअर ३१ मार्चच्या आत खरंच विकले पाहिजेत, नुसता डिमॅटमध्ये लाल दिसणारा तोटा चालत नाही. आणि तो फक्त तुमच्या हिश्श्यातून, आईच्या नाही. रिटर्न आयटीआर-२, ३१ जुलैच्या आत.

खाडीकाठचा

आणि टॅक्स पूर्ण वाचवायचा असेल तर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली की आयकर कायद्याच्या ५४बी कलमाची सूट मिळते, पण मागची दोन वर्षं तिथे शेती केल्याचा पुरावा लागतो, सातबाऱ्यावरची पीकपाहणी, खतांची बिलं. नाहीतर सहा महिन्यांत आरईसी, पीएफसी या सरकारी कंपन्यांचे ५४ईसी (टॅक्स वाचवणारे) बाँड, पाच वर्षं पैसे अडकतात आणि व्याजावर टॅक्स लागतो. शेअर घेऊन यातली सूट मिळत नाही, भावाला सांगा. अजून एक, गिऱ्हाईक थोडे रोख देतो म्हणालं तर हात जोडून नाही म्हणा, जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतले तर तेवढाच दंड.

कलमवाली_रत्नागिरी

रोखचं त्याने विचारलं होतं खरं, ४ लाख. आजच नाही म्हणून कळवते. आणि शेतीचा पुरावा मिळाला! बाबांच्या लोखंडी ट्रंकेत वाशीच्या दलालाच्या पट्ट्या (आंबा विक्रीच्या पावत्या) आहेत सुतळीने बांधलेल्या, पेट्यांची संख्या, भाव, हमाली सगळं बाबांच्या अक्षरात मागे टिपलेलं. त्या २०१८ पर्यंतच्या आहेत, चालतील का?

हिशेब_चोख

त्या जपून ठेवा ताई, पण ५४बी ला विक्रीच्या आधीची दोन वर्षं लागतात. गेल्या दोन सीझनला आंबा कोणाला दिलात, झाडं कराराने दिली असतील तर तो कागद आणि पैसे बँकेत आल्याची नोंद शोधा.

कलमवाली_रत्नागिरी

कराराने दिली होती, पैसे आईच्या पासबुकात आहेत. उद्या सकाळी पासबुक भरून आणते.