प्वी द दोमवरचं मर्क्युरीचं मंदिर: पडक्या भिंती उंच कराव्यात का?

चुनाविटकर: मध्य फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँच्या पश्चिमेला प्वी द दोम हा 1465 मीटर उंचीचा ज्वालामुखी डोंगर आहे. माथ्यावर दुसऱ्या शतकातलं रोमन मंदिर आहे, मर्क्युरी या रोमन देवाचं. 1870 नंतरच्या दशकात वेधशाळेच्या बांधकामात ते उजेडात आलं. अलीकडे त्याच्या काही भिंती नव्या घडीव दगडांनी वाढवल्या, आणि मला हे साफ अमान्य आहे. 1964च्या व्हेनिस सनदेचं, म्हणजे वास्तुजतनाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचं, 15वं कलम निखळलेले मूळ चिरे जागेवर बसवायला मुभा देतं, नव्याने बांधायला नाही. या मंदिराचं छत, खांब, दर्शनी भाग नेमके कसे होते हेच निश्चित नाही. मग आपण उभं करतोय ते काय?

मोजपट्टी: सनद बरोबर आहे, पण भिंत कशी मरते तेही बघा. रोमन भिंतीला बाहेरून घडीव चिरे आणि आत चुन्यात बसवलेले खडे-गोटे असतात. चिरे लोकांनी काढून नेले की आतला गाभा उघडा पडतो. तो पावसात, बर्फात उभा राहायला बांधलेलाच नव्हता. पाणी आत शिरतं, गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, वितळलं की खडा सुटतो. डोंगरमाथ्यावर एका हिवाळ्यात हे कितीतरी वेळा होतं. वर दोन-तीन नवे थर घातले तर मार ते खातात, मूळ भिंत वाचते. सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणाचा अनुभव इथे लावू नका, तिथे पाणी गोठत नाही.

चुनाविटकर: मार खायला थर हवा हे मान्य. तो दगडाचाच कशाला? भिंतीच्या माथ्याला उतार द्या, त्यावर चिकणमातीचा थर आणि त्यावर त्याच डोंगरावरच्या गवताची 10 ते 15 सेंटिमीटर जाड ढेपाळं, मुळांसकट. तापमानातला चढउतार त्यात मुरतो. बिघाड होतो तो दोन ठिकाणी: वारा कडा उचलतो, म्हणून लाकडी खुंट्या ठोकायच्या, आणि पहिल्या उन्हाळ्यात गवत वाळतं, म्हणून लावणी शरदाच्या सुरुवातीला करायची. झुडूप दिसलं की लगेच उपटायचं, मुळं सांधे फोडतात.

दरजभर: दोघांनीही सांध्यात भरायच्या चुन्याबद्दल लिहिलं नाही, आणि बहुतेक कामं बिघडतात तिथेच. सिमेंट नको म्हणजे नकोच. ते दगडापेक्षा कठीण असतं आणि पाणी सोडत नाही, मग ओल दगडातून बाहेर पडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सांधा नेहमी दगडापेक्षा मऊ हवा. नैसर्गिक हायड्रॉलिक चुना (पाण्यातही घट्ट होणारा) घ्या, एका भागाला अडीच भाग चाळलेली वाळू. जुना भुसभुशीत झालेला चुना सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत काढा, धुवा, दगड ओलसर असतानाच भरा, मग ओल्या गोणपाटाने झाका. तापमान 5 अंशांच्या खाली गेलं की चुना नीट धरत नाही. थंडीच्या तोंडावर भरलेला सांधा वसंतात हाताने खरवडून निघतो.

मोजपट्टी: आणि मूळ चिरे बसवतानाही लोखंड नको. रोमन गवंडी चिरे जोडणारे लोखंडी आकडे वितळलेलं शिसं ओतून बसवायचे, शिसं गंजाला अडवायचं. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर, म्हणजे प्राचीन मंदिरांच्या टेकडीवर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे शिसं न वापरता लोखंड घातलं गेलं. गंज फुगला आणि संगमरवर चिरला. 1975 नंतर हाती घेतलेल्या जतनकामात तिथे ते काढून टायटॅनियम बसवलं जातंय. म्हणजे डागडुजीनेच इजा केली. तरीही गुडघ्याएवढी भिंत पाहून सामान्य माणसाला मंदिराची कल्पना येत नाही, हा माझा मुद्दा कायम आहे.

चुनाविटकर: कल्पना येण्यासाठी अंदाज दगडात कोरायचा नसतो. झेनोडोरस या शिल्पकाराचंच उदाहरण घ्या. रोमन लेखक प्लिनी सांगतो की त्याने आर्वेर्नी, म्हणजे याच भागातल्या गॉल जमातीच्या, लोकांसाठी मर्क्युरीची प्रचंड मूर्ती घडवली, दहा वर्षं लागली. अनेकजण कल्पनेत ती सरळ याच मंदिरात नेऊन बसवतात. पण झेनोडोरस रोमन सम्राट नीरोच्या काळातला, पहिल्या शतकातला, आणि आज दिसणारं मंदिर त्यानंतरचं. शिवाय मूर्ती या शिखरावर होती असं प्लिनी कुठेही म्हणत नाही.

दरजभर: भिंत वाढवायचीच असेल तर जुन्या-नव्याच्या सीमेवर शिशाची पातळ पट्टी घाला आणि नव्या थराचा दर्शनी भाग एक-दोन सेंटिमीटर आत घ्या. लांबून भिंत सलग दिसेल, जवळ गेल्यावर नवं कुठून सुरू झालं ते कळेल. उद्या काढावं लागलं तर गवंड्याला छिन्नी कुठे लावायची तेही ठाऊक असेल.