हार्टबीट येतोय, तरी काटा ‘ऑफलाइन’. वय ४२९४९६७२९३ मिलिसेकंद?

काटेवाला:
मंडळी, एका साखर कारखान्यात सहा वजनकाट्यांवर आमचे कंट्रोलर बसवलेत. दर दोन सेकंदांनी यूडीपीवर हार्टबीट (‘मी चालू आहे’ सांगणारं नेटवर्क पॅकेट) येतो. सर्व्हर सी भाषेत, वेळ ३२ बिट अनसाइन्ड (फक्त शून्य किंवा धन) मिलिसेकंद. ‘आत्ता − शेवटचा > १००००’ झालं की अलार्म, काटा बंद. गाळप भरात, गेटवर ट्रॅक्टरांची रांग, आणि दिवसातून तीन-चारदा हे नाटक. लॉगमधलं वय, म्हणजे हाच फरक, वर दिलंय. तेवढे म्हणजे जवळपास पन्नास दिवस, आणि सर्व्हर चालू होऊन आज तिसरा दिवस! स्विच बदलला, केबल बदलली, फरक शून्य.

रात्रपाळी:
स्विच बिचारा निर्दोष आहे. तो आकडा म्हणजे २ चा ३२ वा घात, वजा ३. उत्तर −३ होतं, पण अनसाइन्डला ऋण संख्या माहीतच नाही. पॅकेट घेणारा थ्रेड (प्रोग्रॅमचा समांतर चालणारा भाग) वेगळा आहे का?

काटेवाला:
हो. तपासणारा थ्रेड लूपच्या सुरुवातीला एकदाच ‘आत्ता’ घेतो, मग सहा काटे बघतो. तेवढ्यात पॅकेट आलं तर ‘शेवटचा’ पुढे जाणार... अरेच्चा. मग ‘शेवटचा > आत्ता’ असेल तर वय शून्य धरू?

रात्रपाळी:
मुळीच नको. ४९.७ दिवसांनी काउंटर फिरून शून्यावर येतो. त्याच्या जरा आधी मेलेला काटा मग कित्येक दिवस जिवंत दिसेल. वजाबाकी अनसाइन्डच ठेवा, उत्तर साइन्ड (ऋणही चालणाऱ्या) ३२ बिटमध्ये कास्ट करा, म्हणजे त्या प्रकारात बदला. मूळ वेळाच साइन्ड करू नका, सी मध्ये साइन्ड ओव्हरफ्लोला काही धरबंद नाही. आणि हे २४.८ दिवसांपर्यंतच्या फरकालाच चालतं, म्हणून ऑफलाइनचा फ्लॅग नवं पॅकेट येईपर्यंत उतरवू नका.

काटेवाला:
केलं. आता लॉगमध्ये −३ छापतोय, आणि तरीही अलार्म! −३ हे १०००० पेक्षा मोठं?

जुना जिफी:
टाइमआउटच्या मॅक्रोत (त्या आकड्याला दिलेल्या नावात) १०००० पुढे ‘यू’, म्हणजे अनसाइन्डची खूण, आहे का बघा. असेल तर तुलनेच्या वेळी −३ पुन्हा अनसाइन्ड होतो. आमचंही एकदा यातच अख्खं शनिवार-रविवार गेलं होतं. बाकी लिनक्स कर्नलचं वेळा ताडणारं ‘टाइम आफ्टर’ हीच कास्टची युक्ती वापरतं. तिथे जिफीज (कर्नलचा वेळेचा काउंटर) शून्यापासून सुरूही करत नाहीत; बूटनंतर पाच मिनिटांतच ३२ बिट फिरतील असा आकडा देतात, म्हणजे चूक टेबलावरच सापडते. तुम्हीही काउंटरला तसाच ऑफसेट द्या.

काटेवाला:
‘यू’ होता, मीच लावलेला. काढला. ऑफसेट देऊन काउंटरही फिरवून पाहिला. कालपासून खोटा अलार्म नाही. तीन नंबरची केबल मुद्दाम उपटली, दहा सेकंदांत बोंबलला. स्विच परत द्यायला चाललोय.