शब्दचर्चा : उपासनेतले 'आयत्या वेळचे बदल' – फेरफार, अनुकूलन की आणखी काही?

प्रश्न : पणजीतील आमच्या ख्रिस्ती मंडळीची उपासना कोंकणी, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत चालते. तिच्या सेवकांसाठी मी मराठीत एक सूचनापत्रिका लिहीत आहे. ठरलेला वाचक आला नाही, वीज गेल्यामुळे पडद्यावरची गीते दिसेनाशी झाली किंवा अपेक्षेपेक्षा वेगळ्या भाषेचे पाहुणे अधिक आले, तर काय करावे हे सांगणाऱ्या प्रकरणाला मी 'उपासनेतील फेरफार' असे नाव दिले होते, परंतु वडील मंडळींना ते खटकले. त्याऐवजी 'अनुकूलन' चालेल काय?

प्रतिसाद : खटकणे स्वाभाविक आहे. जमिनीच्या दप्तरात 'फेरफार' हा शब्द निर्दोष असला, तरी 'हिशेबात फेरफार' म्हटले की लबाडीचा वास येतो, आणि प्रार्थनेच्या संदर्भात तो वास अधिकच झोंबतो. 'अनुकूलन' मात्र मला त्याहून गैरसोयीचे वाटते. हा शब्द जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातून आपल्या ओळखीचा झाला असून वाळवंटातल्या वनस्पतींनी पिढ्यान्‌पिढ्यांत साधलेल्या बदलाला तो शोभतो. प्रवेशगीत सुरू होण्यापूर्वी दोन मिनिटांत घ्यायच्या निर्णयाला नव्हे. 'निभावून नेणे' हा क्रियाप्रयोग जवळचा आहे, फक्त त्याच्या शेजारचा 'वेळ मारून नेणे' पत्रिकेत येऊ देऊ नये.

प्रतिसाद : शब्द निवडण्याआधी बदलते काय, हे पाहावे. मी कॅथलिक असल्यामुळे मिस्सेचे, म्हणजे आमच्या मुख्य उपासनाविधीचे, उदाहरण देतो. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी लोकभाषांना उपासनेचे दार उघडले खरे, पण विधीचा क्रम आणि त्यातील मुख्य प्रार्थनांचे शब्द पाद्रीने आपल्या मर्जीने बदलायचे नसतात. काही प्रास्ताविक वाक्ये तेवढी त्याला प्रसंग पाहून स्वतःच्या शब्दांत सांगता येतात. त्यामुळे ऐनवेळी हलते ती मुख्यतः भाषांची वाटणी : पहिले वाचन कोणत्या भाषेत, स्तोत्राचा प्रतिसाद कोणत्या, आणि विश्वासूंच्या प्रार्थनेतली कोणती विनवणी कोणी म्हणायची. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेनाच्या, म्हणजे सणापूर्वीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, दिवसांत निरनिराळ्या भाषांच्या मिस्सा निरनिराळ्या वेळी ठेवल्या जातात, म्हणून तिथे हा पेच फारसा पडत नाही. तुमच्यासारख्या एकत्र उपासनेत मात्र तो टळत नाही. म्हणून मी 'भाषांची फेरवाटणी' असे लिहीन. त्यातून विधी शाबूत आहे, हेही आपोआप सांगितले जाते.

आणखी एक गोष्ट पत्रिकेत अवश्य यावी. कोंकणी वाचक आला नाही की 'कोंकणी समजणारा' कोणीतरी उभा केला जातो, आणि तिथेच घोटाळा होतो, कारण गोव्यातील ख्रिस्ती कोंकणीचे उपासनासाहित्य प्रामुख्याने रोमी लिपीत असते आणि त्या लिपीत 'श'साठी इंग्रजीतले 'एक्स' हे अक्षर वापरतात. पेडण्याचा किंवा सत्तरीचा मराठी वाचक ऐकलेली कोंकणी सहज समजतो, पण तो कागद हाती आला की अडखळतो. तेव्हा सेवकांच्या यादीत भाषेपुढे 'लिपी' असा वेगळा रकाना ठेवावा आणि त्या दिवसाच्या वाचनांची देवनागरी प्रत वेदीजवळ असू द्यावी. पडदा बंद पडला तर नवे गीत आग्रहाने रेटण्यापेक्षा सर्वांना पाठ असलेले धृपद घ्यावे. भाषा कोणतीही असो, लोक गातात.

प्रश्नकर्ता : 'फेरवाटणी' पटले. तरीही विजेसारख्या अडचणी तिच्यात मावत नाहीत, म्हणून प्रकरणाचे नाव 'आयत्या वेळचे बदल' आणि त्यातील पहिल्या भागाचे 'भाषांची फेरवाटणी' असे ठेवतो. 'ऐनवेळचे' की 'आयत्या वेळचे', एवढेच राहिले.

प्रतिसाद : 'ऐनवेळी'त प्रसंगाच्या मोक्याच्या क्षणावर भर आहे, तर 'आयत्या वेळी'त तयारीला अवधी नसण्यावर. सूचना तयारीविषयी आहेत, तेव्हा आपला शब्द योग्यच आहे.