घरी बसून केलेले संशोधनाचे काम घराला काम वाटत नाही. वेळ कसा राखावा?

प्रश्न

नमस्कार. मी नाशिकजवळच्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्राची सहायक प्राध्यापक आहे आणि इंदिरानगरला राहते. यजमान अंबडच्या औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्यांत काम करतात, मुलगी पहिलीत आहे आणि सासूबाई आमच्याजवळ असतात. त्यांचे माहेर निफाड तालुक्यातले. २०२१ साली मी पीएच.डी.साठी नोंदणी केली. द्राक्षबागेत मजुरी करणाऱ्या स्त्रियांचे उत्पन्न हा माझा विषय आहे.

आठवड्याला सोळा तास शिकवायचे, हा नियम नातेवाइकांनाही पाठ झाला आहे, त्यामुळे उरलेला सगळा वेळ माझ्या हाती मोकळा असतो अशी सर्वांची समजूत आहे. त्या सोळा तासांमागची तयारी, अंतर्गत मूल्यमापनाच्या वह्या, नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायली आणि परीक्षेची कामे कोणाच्या हिशेबात येत नाहीत. त्यात माझे क्षेत्रकाम हंगामाशी बांधलेले आहे. ऑक्टोबरात छाटणी होते, त्यानंतर विरळणी आणि डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) येते, आणि जानेवारीपासून खुडा, म्हणजे द्राक्षांची काढणी, सुरू होतो. बायका मोकळेपणाने बोलतात ते दुपारी भाकरीचे फडके सोडून बसल्यावरच, आणि नेमक्या त्याच महिन्यांत आमच्या सत्र परीक्षा आणि दिवाळी येते.

तरीही खरी अडचण घरी आहे. रविवारी मी माहिती संगणकावर भरत असते तेव्हा सासूबाई म्हणतात, "तू घरीच आहेस तर तेवढे गहू निवडून घे." त्यात त्यांचा काही वाईट हेतू नसतो, हे मी मनापासून लिहिते आहे. मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंनी मुलीला "आई काय करते?" असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, "आई बसलीय." त्याच संध्याकाळी मी भाजी फोडणीला टाकून परत आले, तर तिने विद्यार्थ्यांच्या सात-आठ स्वाध्यायांवर पेन्सिलीने बरोबरच्या खुणा केलेल्या होत्या. मी तिच्यावर ओरडले. नंतर आम्ही दोघींनी खोडरबराने त्या खुणा एकेक करून पुसल्या, आणि पुसताना ती हळूच म्हणाली, "मी तुझं काम लवकर संपवत होते." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

सध्या मी पहाटे चारला उठून लिहिते आणि दुपारच्या तासिकेला उभी राहते तेव्हा डोळ्यांवर झापड असते. मार्गदर्शक सहामाही प्रगती अहवाल मागत आहेत. नोकरीतून मोठी रजा घ्यावी, की घरातच काही निराळी व्यवस्था बसवावी? या वाटेने गेलेल्यांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक, नाशिकरोड)

ताई, माझा प्रबंध पूर्ण झाला तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता आणि पत्नी बँकेत नोकरीला होती, म्हणून अनुभवाने लिहितो. दोन खोल्यांच्या घरात दार लावून बसण्याचा प्रयोग मी वर्षभर केला आणि तो फसला, कारण दारापलीकडे बाबा आहेत हे मुलाला ठाऊक असायचे. शेवटी घराजवळच्या एका अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून एक खुर्ची घेतली. आजूबाजूला स्पर्धा परीक्षांची मुले आणि मध्येच मी. शनिवारी आणि रविवारी सकाळी सहा ते साडेनऊ एवढाच वेळ मिळायचा, पण मी पाठीला बॅग लावून आणि पाण्याची बाटली घेऊन निघालो की मुलगा "बाबा कामावर चालले" असे म्हणायचा. काम तेच होते, फक्त त्यासाठी घराचा उंबरठा ओलांडावा लागला. त्याला साडेनऊ सांगितले असेल तर साडेनऊलाच परतायचे, हे मात्र मी कधी मोडले नाही, कारण तो गॅलरीच्या जाळीशी उभा राहून वाट पाहत असे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. मी घराबाहेर पडताना मुलाला कोण सांभाळणार, असे मला एकानेही विचारले नाही; माझ्या पत्नीला मात्र तिच्या बढतीच्या परीक्षेच्या वेळी प्रत्येकाने विचारले. म्हणून हे ओझे सासूबाईंवर न टाकता यजमानांशी ठरवा. त्यांची दुसरी पाळी असेल त्या आठवड्यात मुलीच्या सकाळी त्यांच्याकडे, पहिली पाळी असेल तेव्हा संध्याकाळी त्यांच्याकडे, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात त्यांच्याकडून काहीच धरू नये, कारण त्या माणसाला झोप लागते. दर रविवारी पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक दोघांनी मिळून कागदावर लिहावे. तोंडी ठरलेले आमच्याकडे बुधवारपर्यंतही टिकले नाही.

उत्तर २ (प्राध्यापिकेची मुलगी, पंचवटी)

मी प्राध्यापक नाही, पण माझी आई महाविद्यालयात मराठी शिकवत असे. ती बाहेर जाऊन वाचत बसायची याचे मला कधी वाईट वाटले नाही. ती समोर बसलेली असताना माझे बोलणे तिला ऐकू जात नसे, त्याचे वाटायचे. काही शनिवारी ती मला टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात बरोबर नेई. १८४० सालची ही संस्था आहे, असे तिथेच तिने मला सांगितले होते. तिथे शेजारी बसून आपापले वाचायचे, हा आमचा करार होता आणि तो मला आवडायचा. वरच्या सरांच्या म्हणण्यात एवढीच भर घालते, की दर वेळी मुलीला मागे ठेवूनच जायला हवे असे नाही.

उत्तर ३ (निवृत्त प्राध्यापिका, गंगापूर रोड)

रजेच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, कारण त्यांची गल्लत हमखास होते. पहिली गोष्ट संशोधनाची मुदत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांत पीएच.डी.ची कमाल मुदत सहा वर्षे असून स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत देता येते. शिवाय पूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. २०२२ च्या नव्या विनियमांतही ही २४० दिवसांची तरतूद कायम आहे. या रजेचा संबंध संशोधनाच्या मुदतीशी आहे, नोकरीशी नाही. दुसरी गोष्ट नोकरीतील रजा. राज्य शासनाने २०१८ साली महिला कर्मचाऱ्यांसाठी एकूण १८० दिवसांची बालसंगोपन रजा लागू केली. ती तुमच्या पदाला कशी मिळेल, हे कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा. तोंडी विचारल्यास तोंडीच नकार मिळतो. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी लेखी काही मागितलेच नाही आणि मुलाच्या आजारपणात बिनपगारी दिवस भरले, त्याची खंत अजून आहे.

मात्र एकदम मोठी रजा घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. सलग रजेत घर तुमचे सगळे दिवस खाऊन टाकील. डिपिंगचे आणि खुड्याचे दिवस ठरवून लहान लहान तुकड्यांत रजा घ्या. पहाटे चारला उठायचे असेल तर रात्री साडेनऊला झोपलेच पाहिजे. ते जमत नसेल तर पहाटेचा हट्ट सोडा, कारण झोपाळू डोळ्यांनी भरलेली आकडेवारी पुन्हा तपासावी लागते.

आणि बाई गं, सासूबाईंचे माहेर निफाडचे आहे असे तू लिहिलेस. तुझी प्रश्नावली त्यांना एकदा तरी वाचून दाखवली आहेस का?

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. यजमानांशी बोलले. या आठवड्याचा कागद फ्रिजवर लागला आहे आणि शनिवारी सकाळी पहिल्यांदा मी बॅग घेऊन अभ्यासिकेत गेले. रजेचा लेखी अर्जही दिला आहे.

मॅडम, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी त्याच रात्री सासूबाईंना प्रश्नावली वाचून दाखवली. त्या हातातली मेथी निवडत ऐकत होत्या. मजुरी, उक्ते काम, उचल, येण्याजाण्याचे भाडे, सगळे ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "तान्हं मूल कोणापाशी ठेवून आलीस, हे तू एकीलाही विचारलं नाहीस." लहानपणी त्यांच्या वडिलांच्या बागेत बांधावरच्या बाभळीला झोळी बांधलेली असे आणि आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण शाळा बुडवून झोका देत बसे, असे त्यांनी सांगितले. चार वर्षे मी त्या बायकांशी बोलते आहे, आणि दर वेळी निघताना माझ्या मनात माझी स्वतःची मुलगी असते, तरी हा प्रश्न मला सुचला नव्हता. तो आता प्रश्नावलीत घातला आहे. ज्या बायकांच्या मुलाखती झाल्या आहेत, त्यांच्याकडे ऑक्टोबरच्या छाटणीला पुन्हा जाईन. सासूबाईही बरोबर येते म्हणाल्या आहेत.