नागपूरच्या नटानं मुंबईऐवजी वडसा का धरू नये?

धंतोलीचा मामा

भाच्याला यंदा राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर अभिनयाचं रौप्यपदक मिळालं. तेव्हापासून मिहानमधली, म्हणजे नागपूरच्या आयटी-उद्योग वसाहतीतली नोकरी सोडून मुंबई गाठायचं खूळ डोक्यात शिरलंय. बहीण रडते, जावईबापू गप्प. मला वेगळंच वाटतं, म्हणून हा धागा.

नटाचं करिअर वर्षात किती दिवस पैसे घेऊन काम केलं यावर मोजावं, चेहरा किती लोकांना ठाऊक आहे यावर नाही. या हिशेबानं नागपूरच्या पोराला वडसा मुंबईपेक्षा बरं. ज्यांना झाडीपट्टी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा धानाचा पट्टा. दिवाळीच्या सुमारास धान निघतं, हातात पैसा खेळतो, आणि मंडई म्हणजे गावजत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्तानं गावोगाव रातभर नाटकं होतात. हीच झाडीपट्टी रंगभूमी. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. नाटक कंपन्यांचं ठाणं वडशात, म्हणजे गडचिरोलीतल्या देसाईगंजात. गावचं मंडळ तिथं येतं, पोस्टर न्याहाळतं, हिरॉईन कोण ते विचारतं, तारीख बांधून बयाणा देऊन जातं. चालत्या नटाला होळीपर्यंत रिकामी रात्र मिळत नाही. आणि हे सगळं तिकिटावर उभं आहे. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे बाकीच्या महाराष्ट्रानं तिकडे मान वळवली.

मुंबईत काय? आरामनगरात ऑडिशनच्या रांगा, मालिकेत दोन दिवसांचं काम, त्याचे पैसे नव्वद दिवसांनी. घरभाडं मात्र एक तारखेला.

वर्धा रोड

मामा, तुम्ही झाडीपट्टी खुर्चीत बसून पाहिली. मी गाडीत बसून पाहिली आहे.

दुपारी गावात पोचायचं, एखाद्याच्या ओसरीवर जेवायचं, तिथंच कळतं आज कोणतं नाटक. तालीम नावापुरती. विंगेत प्रॉम्प्टर बसतो, तो कुजबुजतो, आपण ओरडतो. त्याचं वाक्य कानात घेत घेत समोरच्याच्या डोळ्यात बघून रडायचं, ही कला आहे, नाही म्हणत नाही. पण आठवड्याभरात आपण कालच्या नाटकातले भाऊ की आजच्या नाटकातले दीर, हेच सुधरत नाही. उजाडल्यावर खोबरेल तेलानं रंग पुसायचा अन् पुढच्या गावी निघायचं. संक्रांतीपर्यंत आवाज बसतो. ज्याला माइकसमोर हळू बोलायचं शिकायचंय, कॅमेऱ्यासमोर नुसती पापणी हलवायची आहे, त्याचं तिथं नुकसान होतं. एकदा ओरडायची सवय लागली की सुटत नाही.

आणि पावसाळ्यात कोण विचारतं? कोरोनात तर हंगामच बुडाला, तेव्हा कित्येक जण मिळेल त्या मजुरीला गेले. याला करिअर म्हणायचं?

इतवारी कट्टा

राजकुमार हिरानी इथंच बसले असते तर काय झालं असतं? वडिलांची टायपिंग इन्स्टिट्यूटच चालवली असती ना? मोठं व्हायचं तर गाव सोडावंच लागते भाऊ.

धंतोलीचा मामा

हिरानींचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ते नशीब काढायला म्हणून सुटले नाहीत. आधी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून संकलन शिकले, मग त्या कामाच्या आणि जाहिरातींच्या जोरावर मुंबईत टिकले. दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा २००३ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. भाच्याकडे असं पोटापाण्याचं कोणतं कसब आहे? एक पदक आणि मोबाइलवर केलेले व्हिडिओ.

राजेहो

मुंबईले जाऊन आपल्याले भेटते काय, ते मी सांगतो. 'माझ्या नवऱ्याची बायको' २०१६ ते २०२१ चालली. त्यातली राधिका नागपूरची. अन् काम केलं कोणी? नाशिकच्या अनिता दातेंनी. आपल्या बोलीचं कामही आपल्याले नाई! इथली पोरं तवा का करून राह्यली होती?

वर्धा रोड

राजेहो, अनिता दातेंनी मेहनत घेऊन बोली उचलली, त्याचं कौतुकच करावं. परक्याचं बोलणं आपलं करणं हेच तर नटाचं काम. उद्या आपल्या पोरानं मालवणी भूमिका केली तर तुम्ही पेढे वाटाल.

खरी गोची वेगळी आहे. भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडी घरोघरी पोचवली, मान्य. पण त्यांच्यामागून विदर्भातला कोणीही गेला की त्याला विनोदीच काम देतात. गंभीर बाप, वकील, प्रेमिक यांची भाषा पुण्याची. महेश एलकुंचवारांनी नागपुरात राहून 'वाडा चिरेबंदी' लिहिलं. त्या नाटकातल्या धरणगावकर देशपांड्यांच्या वऱ्हाडी घरात कोणाला हसू येतं?

गड्डीगोदाम

कोणीच बोललं नाही म्हणून सांगतो, कधीकधी सिनेमाच इकडं येतो. हिस्लॉप कॉलेजच्या विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवला, त्यावर नागराज मंजुळेंनी 'झुंड' केला. आमच्याच वस्त्यांतली पोरं घेतली, अमिताभसमोर उभी केली. २०२२ मध्ये टॉकीजमध्ये शिट्ट्या आम्हीच मारल्या. 'कोर्ट'मधले वीरा साथीदारही नागपूरचेच. चळवळीतला माणूस, विद्रोही मासिक चालवणारा. अभिनयाचा कोर्स नाही, पोर्टफोलिओ नाही. त्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, भारताकडून ऑस्करला गेला. २०२१ मध्ये कोरोनानं साथीदार गेले.

पण असं बोलावणं किती वर्षांतून एकदा येतं? आलेलं युनिट सामान गुंडाळून जातं, पोरांना परत आपलीच गल्ली. रामटेककडे चित्रनगरीच्या घोषणा होत राहतात, तेवढ्यावर कोणाची चूल पेटत नाही.

प्रतापनगरची ताई

भाची असती तर मामांनी धागा काढला असता का? झाडीपट्टीत नागपूरच्या मुली जातातच. पोस्टरवर मोठा फोटो त्यांचा, मंडळ आधी नाव विचारतं त्यांचं, लावणीही त्यांनाच करायची. पण कॉलनीत कोणी विचारलं तर आई सांगते, इव्हेंटच्या कामाला गेलीय. मुलगा गेला की रंगभूमीची सेवा. आधी हे मोकळेपणी बोला, मग मुंबई की वडसा ते बघू.

सायंटिफिकचा प्रेक्षक

अरे, नोकरी सोडायची कशाला? ज्यांच्या नावाचं सभागृह सिव्हिल लाइन्समध्ये आहे ते वसंतराव देशपांडे पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये खर्डेघाशी करत होते. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'चे लेखक-दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, आपल्या रंजन कला मंदिरचे, ते आकाशवाणीत. डॉ. लागूंनी १९६९ पर्यंत डॉक्टरकी केली. नोकरी धरून हौस करावी, चांगलं नाटक त्यातूनच होतं.

मिहानवाला

काका, त्या कचेऱ्या संध्याकाळी सुटत होत्या. आमच्याकडे संध्याकाळी सातला अमेरिकेचे कॉल सुरू होतात. तुमची तालीमही सातला. मी दोन नाटकं सोडली ती याच पायी. आणि डॉ. लागूंनी शेवटी डॉक्टरकी सोडलीच ना, ते का सांगत नाही?

धंतोलीचा मामा

मिहानवाला, हे भाचाही म्हणतो, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ताईंचा टोला लागला. तरी वडशाचं माझं मत कायम आहे. निदान एक हंगाम करून बघावा, चार पैसे गाठीला बांधून मग खुशाल मुंबईला जावं.

वर्धा रोड

जाऊ द्या मग. फक्त नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, ठरवताना त्याला तीन गोष्टी आधी बोलून घ्यायला सांगा. प्रवास कंपनीचा की स्वतःचा. अवकाळी पावसानं प्रयोग मोडला तर अर्धी नाइट मिळणार की नाही. आणि पैसे रोजच्या रोज की हंगामाच्या शेवटी. तिसऱ्याला 'शेवटी बघू' असं उत्तर आलं, तर मुंबईचे नव्वद दिवस परवडले.