पगारातून कापलेले 25 रुपये आणि कामगार कल्याण केंद्र : ही केंद्रं अजून लागतात का?

चाळीतला_पोरगा

जूनची सॅलरी स्लिप आली आणि आमच्या टीममधल्या नवीन पोराने विचारलं, सर हे एलडब्ल्यूएफचे 25 रुपये कसले कापलेत? म्हटलं अरे कामगार कल्याण निधी, वर्षातून दोनदा जातो, जूनला आणि डिसेंबरला. 2024 पर्यंत आपले 12 जायचे आणि मालकाचे 36, आता आपले 25 आणि मालकाचे 75, शिवाय सरकार टाकतं ते वेगळं. त्यावर तो म्हणाला, बरं मग त्याचं आपल्याला काय मिळतं? आणि आजूबाजूच्या सहा-सात जणांपैकी एकालाही सांगता येईना. या निधीवर चालणारं कामगार कल्याण मंडळ, त्याची केंद्रं, ललित कला भवन, हे शब्दच कुणी ऐकले नव्हते.

मला मात्र ऐकल्या ऐकल्या टेबलावर सांडलेली कॅरमची पावडर आठवली. आम्ही मुंबईतल्या डिलाईल रोडचे. 160 चौरस फुटांची खोली, माणसं सात. वडील गिरणीत, पाळी रात्रीची असली की दिवसा झोपणार, आणि त्याच खोलीत आम्ही भावंडं कालवा करणार, मग आजी आम्हाला हाकलणार, आणि हाकललेली पोरं जाणार कुठे तर केंद्रात. तिथल्या बाई रजिस्टरमध्ये नाव लिहून घ्यायच्या, नखं बघायच्या (खरंच बघायच्या), आणि मग कॅरम नाहीतर गोष्टीची पुस्तकं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत होतो. अडीच लाख माणसं घरी बसली, त्यातलेच एक आमचे वडील, आणि ते परत गिरणीत गेलेच नाहीत. आईने केंद्रातल्या शिवणवर्गात नाव घातलं. आधी कापड देत नसत, रद्दी पेपरावर कटिंग शिकवायचे, त्यामुळे आमच्या दारामागे टाचणीने लावलेले पेपरचे ब्लाऊज लटकत असायचे, 34 नंबरचा, 36 नंबरचा. त्या पेपरावर पुढची आठ-नऊ वर्षं घर चाललं.

तर माझं म्हणणं इतकंच की ही केंद्रं जुनीपुराणी झालीत म्हणून मोडीत काढू नका, उलट वाढवा, आणि नुसत्या कामगार वस्तीत नाही तर सगळीकडे काढा. तुम्हाला काय वाटतं?

स्पष्टवक्ता

दादा, लिहिलंय छान, आईंना नमस्कार. पण हे सगळं गिरण्यांबरोबर गेलं हो. कायदा 1953 चा, तेव्हा टीव्ही नव्हता, मोबाईल नव्हता, माणसं संध्याकाळी काय करणार म्हणून भजनी मंडळ आणि कॅरम. आज रेडिमेड ब्लाऊज ऑनलाईन मिळतो, शिवण शिकून कुणाचं घर चालणारे? पोरगा हातात फोन घेऊन जगभरच्या पोरांशी गेम खेळतोय, तो तुमच्या बाईंना नखं दाखवायला येईल का?

आणि सार्वजनिक हॉल म्हणजे काय असतो ते मला विचारा. आमच्या शहरात (नाव घेत नाही, इथे आमचे बरेच लोक आहेत) वॉर्डात एक बहुउद्देशीय सभागृह बांधलं. उद्घाटनाला मी स्वतः गेलो होतो, टेबल टेनिसचं टेबल बघून आलो. सहा महिन्यांनी त्याच टेबलावर केटररची भांडी. बहुउद्देशीय म्हणे, उद्देश एकच, लग्न! लग्न नसेल तेव्हा कुलूप. त्यापेक्षा ते 25 रुपये ज्याचे त्याला द्या, माणूस आपल्या पोराला चांगल्या क्लासला घालेल.

चाळीतला_पोरगा

साहेब, वर्षाचे 50 होतात. 50 रुपयांत कुठला क्लास घेतो पोराला, तेवढा पत्ता द्या, मीही माझ्याला घालतो.

स्पष्टवक्ता

मुद्दा रकमेचा नाहीये.

रविवारची_भाजी

मुद्दा रकमेचाच आहे स्पष्टवक्ते काका. आमच्या सोसायटीला क्लबहाऊस आहे, जिम, स्नूकर, मुलांसाठी बॉल पूल, मेंटेनन्समध्ये सगळ्यांकडून पैसे घेतात आणि तिथे कायम एसी लावलेला आणि आत कोणीच नसतं. पण त्याच सोसायटीत आमच्याकडे काम करणाऱ्या ताई दुपारी चारला येतात, पाच घरं करून सातला जातात, त्यांची आठ वर्षांची मुलगी बरोबर असते कारण घरी एकटी ठेवायची कुणाच्या भरवशावर. तिला क्लबहाऊसमध्ये चालत नाही, गार्डनच्या झोक्यावर बसली तर वॉचमन उठवतो, मग ती जिन्यात बसते. मी कमिटीत विषय काढला तर म्हणे आज एक मुलगी उद्या दहा येतील. अहो येऊ देत ना, स्नूकर टेबल कोण खातंय का?

मला वाटतं प्रश्न केंद्र हवं की नको हा नाहीच. ज्यांना पैसे भरता येतात त्यांनी आपली केंद्रं करून घेतलीत, फक्त त्याला क्लबहाऊस म्हणतात.

कबड्डीवाला

दोघांचंही थोडं थोडं चुकतंय. मी परळचा, सगळं आयुष्य कबड्डीत गेलंय, आता गुडघा गेला म्हणून पोरांना शिकवतो. इमारतीने काही होत नाही, शिकवणारा रोज येणारा माणूस लागतो. लालबाग-परळची मंडळं बघा, कुठे होती इमारत, दोन चाळींच्या मधल्या जागेत माती टाकून खेळले आणि त्यातून नॅशनल प्लेअर निघाले. शिवाजी पार्कचं समर्थ व्यायाम मंदिर 1925 पासून चालू आहे, तिथे काय संगमरवर लावलाय म्हणून पोरं येतात का, शिकवणारे आहेत म्हणून येतात, आणि 2019 ला मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली ती त्याच मैदानावर. आमचा एक नियम आहे, पोरगा दोन दिवस आला नाही की तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जायचं. बास, एवढंच. तापाने पडलाय का, बापाने मारलंय का, का कुणाच्या नादी लागलाय, ते दारात गेल्याशिवाय कळत नाही. मोबाईलमधला गेम तुमच्या घरी येऊन विचारतो का काल का आला नाहीस?

कामगार कल्याणवाल्यांची कामगार केसरी कुस्ती मी बघितलेली आहे, दिवसभर कारखान्यात ड्युटी करून आलेली माणसं लढायची. पण तिथेही नाव पैलवानांचं आणि वस्तादांचं, बिल्डिंगचं नाही.

चाळीतला_पोरगा

कबड्डीवाले, 100 टक्के मान्य, आमच्याकडे तो रोज येणारा माणूस म्हणजे रजिस्टरवाल्या बाई. पण पावसाळ्यात चार महिने काय करता? आणि दोन चाळींच्या मधली जागा आता आहे कुठे, तिथे पार्किंग आहे.

कबड्डीवाला

पावसाळ्यात शाळेचा हॉल मागतो. कधी देतात, कधी नाही. बरोबर पकडलंत.

साधीच_मी

सगळे दादा लोक मैदानावर बोलताय म्हणून लिहिते. मी दहावीपर्यंत खो-खो खेळले, जिल्ह्यापर्यंत गेले, नंतर बंद. कारण ऐकाल तर हसाल. आम्ही सराव करायचो त्या हॉलचं लेडीज टॉयलेट कुलूपबंद असायचं आणि किल्ली शिपाईकाकांकडे, ते पाचला घरी जायचे आणि आमचा सराव साडेपाचला सुरू व्हायचा. म्हणून आम्ही मुली दुपारपासून पाणीच प्यायचो नाही. एकदा एक मैत्रीण चक्कर येऊन पडली, तिच्या आईने बंद केलं, मग माझ्या आईने, मग टीमच राहिली नाही. मुलांची टीम चालू होती हां, त्यांना भिंत होती.

त्यामुळे शिकवणारा माणूस लागतो हे खरं पण एक किल्लीही लागते. आणि स्पष्टवक्ता, तुम्ही म्हणता शिवणवर्ग कशाला. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका नुसतं घराबाहेर पडायला मिळावं म्हणून शिवणवर्गाला जातात. नुसतं बसायला जाते म्हटलं तर सासू सोडणार नाही, शिवण शिकायला जाते म्हटलं तर सोडते.

स्पष्टवक्ता

ताई, टॉयलेटचं वाचून वाईट वाटलं, पण तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध करताय. सरकारी, निमसरकारी हॉल म्हणजे किल्ली शिपायाकडे आणि शिपाई घरी! खाजगी जिममध्ये असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी बायकांनी पैसे परत मागितले असते. जिथे आपण पैसे देतो तिथे आपण बोलू शकतो, फुकटात मिळतं तिथे मुकाट्याने तहान मारतो. आणि कॅरम कॅरम काय चाललंय मगापासून, आमच्याकडे कॅरम क्लबातच पोरं पैसे लावायला शिकली.

साधीच_मी

फुकट कुठे होतं, आम्ही फी भरत होतो. कमी होती एवढंच. कमी फीवाल्याने तहान मारायची असं म्हणायचंय का तुम्हाला?

अजून_एक_अटेम्प्ट

थोडं विषयांतर, पण खरं सांगतो. मी एमपीएससीवाला, तिसरा अटेम्प्ट. पुण्यात खाजगी अभ्यासिकेला महिन्याचे हजार-बाराशे जायचे, आता गावाजवळच्या शहरात एका सार्वजनिक अभ्यासिकेत बसतो, नाममात्र फी, पंखा आहे, चार्जिंग आहे, अजून काय पाहिजे. पण आम्ही सकाळी सहाला येऊन जागा धरतो ते रात्री बंद होईपर्यंत, डबाही तिथेच. सगळे पंचविशीच्या पुढचे. परवा संध्याकाळी दहावीतला एक मुलगा दप्तर घेऊन आला, दारात उभा राहिला, एकही खुर्ची रिकामी नाही, एक चक्कर मारली आणि गेला. मी मान खाली घालून पॉलिटी वाचत होतो. धागाकर्त्यांनी 160 फुटांची खोली लिहिली तेव्हा तो मुलगा आठवला. ती जागा मुळात त्याचीच होती ना.

उठून खुर्ची द्यायला पाहिजे होती, कळतं. पण खुर्ची सोडली की गेली, हेही कळतं.

स्कारबरोचा_मावळा

इकडचं सांगतो, टोरांटोचं. तिकडची बाजू घ्यायला नाही, तुलना म्हणून. इथे पालिकेची कम्युनिटी सेंटर्स आहेत आणि सगळे वापरतात, डॉक्टरची पोरं, टॅक्सीवाल्याची पोरं, एकाच पाण्यात. काही सेंटर्समध्ये तर कोर्स पूर्ण फुकट असतात. पण स्पष्टवक्त्यांना खूश करायला सांगतो, रजिस्ट्रेशन सकाळी सातला ऑनलाईन उघडतं आणि पोहण्याच्या बॅचेस काही मिनिटांत फुल्ल. नवरा एका लॅपटॉपवर, बायको दुसऱ्यावर, मोबाईल तिसरा, असं करूनही मुलीला दोन सीझन जागा मिळाली नाही. ज्याला इंग्लिश नीट येत नाही किंवा जो सातला फॅक्टरीत असतो त्याने काय करायचं? म्हणजे केंद्र चांगलं झालं की त्यावर शहाणी माणसं आधी तुटून पडतात, आमच्यासारखी.

फेब्रुवारीत बाहेर उणे पंधरा असतं तेव्हा मात्र त्या हॉलमुळेच डोकं ठिकाणावर राहतं. आईबाबा आले होते, बाबांना तिथे पत्ते खेळायला एक श्रीलंकन आजोबा मिळाले, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, भांडण मात्र रोज.

स्पष्टवक्ता

मावळे, फुकट झालं की रांग लागते, हेच तर मी म्हणतोय.

कबड्डीवाला

रांग लागते म्हणजे लोकांना हवंय ना हो! रांग लागते म्हणून दुकान बंद करतात का? मगाशी तुम्हीच म्हणालात की कोणी येत नाही म्हणून बंद करा. एक काय ते ठरवा.

स्पष्टवक्ता

मी बंद करा म्हटलंच नाही. ज्याला पाहिजे त्याने पैसे देऊन घ्यावं म्हटलं.

चाळीतला_पोरगा

आणि ज्याच्याकडे नाहीत?

बरं ते सोडा, चाळींचा विषय निघालाच आहे तर. ऑगस्ट 2025 ला वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 कुटुंबांना पुनर्विकासात 500 फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आमचा एक मित्र त्यात आहे. घर बघून आलो, स्वतःचा संडास, स्वतःचं किचन, त्याची आई चार वेळा नळ सोडून बघत होती, आनंदच आहे. पण म्हणाला पोरं आता दार लावून बसतात, शेजारी कोण राहतं ते नावाच्या पाटीवरून कळतं. चाळीचा व्हरांडा होता तेव्हा केंद्राची गरज होतीच, आता तर व्हरांडाही गेला.

स्पष्टवक्ता

व्हरांड्यात भांडणंही व्हायची हो, पाण्यावरून डोकी फुटलेली पाहिलीत मी. उगाच गोडवा नको.

चाळीतला_पोरगा

हो, व्हायची. आमच्याच दारासमोर झालीत.

रविवारची_भाजी

अपडेट. धागा वाचून मला राहवलं नाही, त्या मुलीसाठी जवळच्या एका हॉलवर विचारून आले. माणूस चांगला बोलला, चहा पण विचारला. तिथे बालवाडी आहे पण पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. अभ्यासिका आहे पण आठवीपासून पुढे. ती तिसरीत. मधल्या मुलांसाठी उन्हाळ्यात शिबिर असतं म्हणाला, एप्रिलमध्ये या. आता जुलै चालू आहे.

आज पण जिन्यातच आहे, वही घेऊन. तिथला लाईट सेन्सरवाला आहे, हालचाल नसेल की विझतो. लिहिता लिहिता अंधार झाला की ती हात वर करून हलवते आणि परत लिहायला लागते.